आधी जमीन बघा, मग घर



आज घर विकत घेण्याबद्दल बोलायचे आहे. मी वकील नाही, इंजिनियर नाही आणि इस्टेट एजंट तर मुळीच नाही. पायदळातून कर्नल म्हणून निवृत्त झालेला आणि चेन्नईत स्थायिक झालेला एक मराठी माणूस, एवढीच माझी ओळख. पण या शहरात मी एक घर चुकीचे घेतले. ते कुठे चुकले हे कळल्यावर गेल्या काही वर्षांत ओळखीच्या सात-आठ कुटुंबांबरोबर घरे बघत हिंडलो. त्यातून जे शिकलो ते आज सांगतो. उदाहरणे चेन्नईची असतील. पण तुम्ही पुण्यात असा, बेळगावात, इंदुरात की बडोद्यात, मुद्दे तेच राहतात. कागदांची नावे तेवढी बदलतात.

माझी चूक

२०१३ साली मी निवृत्त झालो. शेवटचे पोस्टिंग चेन्नईचे होते. बायको इथल्या शाळेत शिकवत होती, मुलगी कॉलेजात होती आणि आई आमच्याजवळ होती. ग्रॅच्युइटी आणि पेन्शनच्या कम्युटेशनचे पैसे हातात आले होते. आयुष्यभर सरकारी क्वार्टर्समध्ये राहिलेल्या माणसाला स्वतःच्या घराची किती घाई असते, हे फौजी कुटुंबांना वेगळे सांगायला नको.

तांबरमच्या पश्चिमेला मुडिचूर भागात एक नवी तीन मजली इमारत बघितली. आईला जिने नकोत म्हणून तळमजला पसंत केला. एप्रिल महिना, सकाळचे अकरा वाजलेले. उजेड भरपूर, समोर मोकळे मैदान. फरशी, नळ, खिडक्यांच्या जाळ्या, सगळे मी बारकाईने तपासले. स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या उंचीवरून बिल्डरशी वादही घातला. महिनाभरात व्यवहार झाला.

मग आला १ डिसेंबर २०१५. त्या चोवीस तासांत तांबरमला सुमारे ४९ सेंटिमीटर पाऊस पडला. रात्री नऊला अंगणात पाणी होते, साडेदहाला उंबऱ्याच्या आत आले आणि मध्यरात्री माझ्या छातीला लागले. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईला खुर्चीत बसवून मी आणि वरच्या मजल्यावरच्या एका तमिळ मुलाने तिला त्यांच्या घरी नेले. दोन रात्री आम्ही तिथेच काढल्या. गाडी गेली, फ्रिज गेला, त्याचे एवढे काही नाही. पण लोखंडी ट्रंकेत वडिलांची पत्रे होती, ती लगदा होऊन हातात आली. आई त्यानंतर त्या घरात झोपायला तयार होईना. आम्ही भाड्याच्या घरात गेलो. फ्लॅट विकायला काढला तर तीन वर्षे गिऱ्हाईक मिळाले नाही, आणि मिळाले तेव्हा घेतल्या किमतीपेक्षा कमीत द्यावा लागला.

पाणी ओसरल्यावर गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीची गाडी लावणारे म्हातारबाबा मला म्हणाले, "सार, ही पाण्याची वाटच आहे. आम्ही लहान होतो तेव्हा समोर भाताची खाचरे होती. वरचे तळे भरले की पाणी इथूनच नदीला जायचे."

दोन वर्षे मी त्यांच्याकडे कपडे देत होतो. एकदाही विचारले नव्हते.

मी फौजेत तरुण अधिकाऱ्यांना नकाशा वाचायला शिकवत असे. रात्रीचा मुक्काम कुठे टाकायचा, नाल्याच्या पात्रात तंबू का ठोकायचा नाही, हे मी शेकडो पोरांना घोकून घेतले आहे. आणि स्वतःच्या घरासाठी मी नकाशा उघडलासुद्धा नाही. ओटा बघितला, जमीन बघितली नाही.

तेव्हापासून मी कुणाबरोबरही घर बघायला गेलो की तीन प्रश्न विचारतो. जमीन कशी आहे? जमीन कुणाची आहे? आणि त्यातली किती माझी होणार? या तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत मी फ्लॅटच्या आत पाऊल ठेवत नाही.

शेठची गोष्ट

आमचे एक मित्र आहेत, विट्याजवळच्या एका गावचे. खानापूर-आटपाडी भागातली माणसे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत, हे सांगली जिल्ह्यातल्या लोकांना माहीतच आहे. चेन्नईच्या साहुकारपेठेतही त्यांची दुकाने आहेत. हे शेठ तीस वर्षे दुकानामागच्या भाड्याच्या खोलीत राहिले. मुलाचे लग्न ठरले तेव्हा घर घ्यायचे मनावर घेतले. एके दिवशी संध्याकाळी पेढे घेऊन माझ्याकडे आले.

"साहेब, फ्लॅट बुक केला. बहात्तर लाख. दोन लाख टोकन दिलं."

"कागद बघितले का शेठ?"

"बघायचं काय त्यात? बँक कर्ज द्यायला तयार आहे. बँकेनं बघितलंच असंल की."

मंडळी, ही समजूत मी फार ठिकाणी ऐकली आहे. बँकेचा वकील बँकेचे पैसे सुरक्षित आहेत का ते बघतो. तुमच्या घरात पाणी शिरेल का, बिल्डर वेळेत ताबा देईल का, हे बघणे त्याचे काम नाही. तुमचा वकील वेगळा हवा, आणि तो बिल्डरने सुचवलेला नको. शेठना मी म्हटले, "उद्या सकाळी आपण दोघे जाऊ."

पहिला प्रश्न : जमीन कशी आहे?

आपल्या मराठी माणसांचा इथे एक हमखास घोटाळा होतो. आपला पावसाळा जून ते सप्टेंबर. चेन्नईचा खरा पावसाळा ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. त्यामुळे आपण जुलैत येऊन म्हणतो, "अरे वा, भर पावसाळ्यात रस्ते कोरडे!" घर बघायचे असेल तर नोव्हेंबरात बघा, तेही जोराच्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी. तेवढे थांबता येत नसेल तर निदान पुढच्या गोष्टी करा.

गावाचे नाव वाचा. तमिळमध्ये 'एरी' म्हणजे तलाव, 'कुळम' म्हणजे तळे, 'तांगल' म्हणजे लहान तलाव, 'ओडै' म्हणजे ओढा. एक्काट्टुतांगल या नावातच तलाव आहे. टी. नगर ही आजची गजबजलेली पेठ शंभर वर्षांपूर्वी मोठा तलाव बुजवून वसवली. नुंगंबाक्कमचा तलावही गेला, पण तिथल्या रस्त्याचे नाव अजून 'टँक बंड रोड' आहे, म्हणजे तळ्याच्या बांधाचा रस्ता. आपल्याकडेही पाणी गेले तरी नाव मागे उरतेच. तळेगाव, ओढ्याची आळी, नाल्यावरची वस्ती, अशी नावे दिसली की चौकशी करा. नाव असले म्हणजे घर बुडेलच असे नाही, पण विचारायला हवे.

जुना नकाशा बघा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीटवर तलाव आणि ओढे निळ्या रंगात दाखवलेले असतात. ते मिळाले नाही तर गुगल अर्थवर जुन्या वर्षांची उपग्रहचित्रे फुकट बघता येतात. दहा-पंधरा वर्षे मागे जा आणि तुमच्या इमारतीच्या जागी काय होते ते बघा.

माणसांना विचारा. इस्त्रीवाला, चहावाला, वॉचमन, फुले विकणारी बाई. यांना काही विकायचे नसते. "२०१५ ला पाणी कुठवर आले होते? २०२३ च्या मिचाँग वादळात?" असे वर्ष घालून विचारा. "पाणी येते का?" असे विचारले तर सगळेच नाही म्हणतात.

डोळ्यांनी बघा. जुन्या कंपाउंडच्या भिंतीवर पाण्याची रेघ दिसते का? विजेचे मीटर किती उंचीवर आहेत? शेजाऱ्यांनी ते नंतर वर चढवून घेतले आहेत का? रस्ता इमारतीच्या जोत्यापेक्षा उंच आहे का? दर डांबरीकरणाला रस्ता थोडा थोडा वर येतो आणि जुनी घरे खड्ड्यात जातात.

शेठचा फ्लॅट पळ्ळिकरणैच्या बाजूला होता. तिथली पाणथळ २०२२ साली रामसर यादीत गेली, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींमध्ये तिची गणना झाली. पाण्याला जिथे राहायचे असते अशा जागेच्या शेजारी घर घेताना दहा वेळा विचार करायला हवा. इमारतीसमोरच्या किराणा दुकानदाराने मला दुकानातले खालचे दोन फळे रिकामे दाखवले. म्हणाला, "सार, डिसेंबरात इथे माल ठेवत नाही." शेठ गप्प झाले.

पाण्याची दुसरी बाजूही बघा. ज्या चेन्नईत २०१५ ला घरे बुडाली, त्याच चेन्नईला पाणी देणारे पूंडी, चोळवरम, पुळल आणि चेंबरंबाक्कम हे चारही जलाशय २०१९ च्या जूनमध्ये आटले. ओल्ड महाबलीपुरम रोडवरच्या चकचकीत टॉवरांमध्ये लोक टँकरची वाट बघत बसले होते. म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरीकडे मे महिन्याचे हिशेब मागा. टँकरवर किती खर्च झाला ते त्यात दिसते. महानगराच्या पाण्याची जोडणी आहे की फक्त बोअर आहे, हेही विचारा. तमिळनाडूत २००३ पासून पावसाचे पाणी जिरवण्याची सोय इमारतींना सक्तीची आहे. ती प्रत्यक्ष चालू आहे की नुसता सिमेंटचा खड्डा आहे, ते झाकण उघडून बघा.

दुसरा प्रश्न : जमीन कुणाची आहे?

शेठनी विचारले, "साहेब, पट्टा म्हंजे आपला सातबाराच का?"

जवळपास तसेच. महाराष्ट्रात सातबारा आणि शहरात प्रॉपर्टी कार्ड, तसा तमिळनाडूत 'पट्टा'. महसूल खात्याच्या दफ्तरी जमीन कुणाच्या नावावर आहे ते तो सांगतो, आणि सरकारी संकेतस्थळावर सर्व्हे नंबर टाकून तपासता येतो. तिथे 'पोरंबोक' हा शब्द दिसला तर तिथेच थांबा. पोरंबोक म्हणजे सरकारी किंवा सार्वजनिक जमीन, आपल्याकडच्या गायरानासारखी. तलावाची, ओढ्याची, रस्त्याची पोरंबोक जमीन खासगी माणूस विकू शकत नाही. त्यावर कितीही सुंदर इमारत उभी असली तरी नाही.

दुसरा कागद ईसी, म्हणजे बोजाचा दाखला. तमिळमध्ये त्याला 'विल्लंग सान्रु' म्हणतात. रोजच्या बोलण्यात विल्लंगम म्हणजे लफडे! नाव अगदी चपखल आहे. त्या मालमत्तेचे कोणते दस्त नोंदले गेले, कुणी कुणाला विकली, कुणाकडे गहाण ठेवली, ते त्यात क्रमाने येते. नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर तो घरबसल्या बघता येतो. निदान तीस वर्षांचा काढा.

पण ईसी कोरा निघाला म्हणजे सगळे ठीक, असे समजू नका. न नोंदलेला करार, न नोंदलेले मृत्युपत्र, थकलेला कर यांतले काही त्यात दिसत नाही. उलटही होते. तमिळनाडूत बँकेकडे कागद ठेवून कर्ज काढले की त्याचा दस्त नोंदवायची पद्धत आहे. कर्ज फिटले, पण फेडीची पावती कुणी नोंदवली नाही, तर बोजा ईसीत तसाच राहतो. विकणाऱ्याला सांगून ती पावती आधी नोंदवून घ्या.

तिसरा कागद 'ताय पत्तिरम'. शब्दशः आईचा दस्त, म्हणजे मूळ दस्त. तिथपासून आजच्या मालकापर्यंत साखळी जुळली पाहिजे. मधली एक कडी जरी झेरॉक्सवर असेल तर मूळ कागद कुठे आहे ते विचारा. तो एखाद्या सावकाराच्या कपाटात असू शकतो.

दोन ठिकाणी विशेष सांभाळा. एक म्हणजे वारस. वडिलोपार्जित घर भाऊ विकत असतील तर बहिणी कुठे आहेत ते विचारा. तमिळनाडूने १९८९ साली आणि महाराष्ट्राने १९९४ साली कायदा बदलून मुलींना वाटा दिला, आणि २००५ पासून तो देशभर आहे. तिची सही नसलेला दस्त दहा वर्षांनीही तुम्हाला कोर्टाची पायरी चढायला लावू शकतो.

दुसरे म्हणजे मुखत्यारपत्र. चेन्नईतले कितीतरी मालक अमेरिकेत किंवा सिंगापुरात असतात आणि इथे भाचा किंवा एजंट सही करतो. ते चालते, पण मालक हयात आहे आणि त्याने मुखत्यारपत्र रद्द केलेले नाही, याची खात्री स्वतः करा. व्हिडिओ कॉल लावा आणि मालकाशी बोला. मालक वारला की मुखत्यारपत्रही संपते. आणि कुणी म्हणाले की खरेदीखताऐवजी मुखत्यारपत्रच करून देतो, खर्च वाचेल, तर हात जोडून निघून या. अशा कागदाने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच स्पष्ट केले आहे.

शेठच्या इमारतीच्या ईसीत दिसले की त्या जमिनीवर बिल्डरने प्रकल्पासाठी कर्ज काढले आहे. यात बेकायदा काही नाही. पण मग कर्ज देणाऱ्या बँकेचे ना-हरकत पत्र तुमच्या फ्लॅटच्या नंबरासह हवे. आम्ही ते मागितले. "देऊ, देऊ" यापलीकडे उत्तर आले नाही.

तिसरा प्रश्न : त्यातली माझी किती?

महाराष्ट्रातून येणाऱ्यांनी हा मुद्दा नीट ऐकावा, कारण इथली पद्धत वेगळी आहे.

महाराष्ट्रात सहसा आपण फ्लॅट घेतो, मग सोसायटी स्थापन होते आणि जमीन सोसायटीच्या नावावर होते. तिला अभिहस्तांतरण म्हणतात. बिल्डरने ते केले नाही तर मानीव अभिहस्तांतरणासाठी सोसायटीला खेटे घालावे लागतात. तमिळनाडूत तसे नाही. इथे प्रत्येक फ्लॅटबरोबर जमिनीचा अविभक्त हिस्सा तुमच्या नावावर खरेदीखताने होतो. त्याला सगळे 'यूडीएस' म्हणतात. तो चौरस फुटांत लिहिलेला असतो.

इमारत दरवर्षी जुनी होते, तिची किंमत घसरते. जमिनीची वाढते. तीस-चाळीस वर्षांनी इमारत पाडून नवी बांधायची वेळ आली की तुमच्या हातात असतो तो हा यूडीएस. २०२४ च्या मार्चपासून तमिळनाडूत नवा अपार्टमेंट मालकी कायदा लागू झाला आहे. त्यात दोन तृतीयांश मालक तयार असतील तर पुनर्विकास करता येतो. म्हणजे हा दिवस येणारच आहे असे धरून चाला.

आता हिशेब. आधी इथली मापे समजून घ्या. एक ग्राउंड म्हणजे २,४०० चौरस फूट. एक सेंट म्हणजे ४३५.६ चौरस फूट, आणि शंभर सेंटचा एक एकर. आपला एक गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, म्हणजे बरोबर अडीच सेंट. ग्राउंड म्हटले की साधारण सव्वादोन गुंठे समजा.

शेठच्या इमारतीची जमीन सहा ग्राउंड, म्हणजे १४,४०० चौरस फूट. सारख्या आकाराचे तीस फ्लॅट. सरळ भागाकार केला तर प्रत्येकी ४८० चौरस फूट यूडीएस यायला हवा. शेठच्या कागदावर होता ३८०. तीस गुणिले ३८० म्हणजे ११,४००.

मी बिल्डरच्या माणसाला विचारले, "उरलेले ३,००० चौरस फूट कुणाचे?"

तो म्हणाला, "सार, ते कंपनीकडे राहतात. पुढे वापरायला."

पुढे कशाला, ते मी विचारले नाही. शेठना कळले होते. सोने गाळणाऱ्या माणसाला घट कुठे जाते ते शिकवावे लागत नाही.

म्हणून यूडीएसचा आकडा घ्या, सगळ्या फ्लॅटच्या आकड्यांची बेरीज मागा आणि ती एकूण जमिनीशी जुळते का बघा. रस्त्यासाठी किंवा उद्यानासाठी महापालिकेला दिलेली जागा वजा करा. तरीही बेरीज जुळत नसेल तर कारण लेखी मागा.

जाहिरातीतल्या क्षेत्रफळाचेही असेच. शेठचा फ्लॅट सांगताना १,१५० चौरस फूट होता. त्यात जिना, लिफ्ट, व्हरांडा सगळे मोजलेले. चटई क्षेत्र निघाले ७९०. रेरा कायद्याप्रमाणे चटई क्षेत्र सांगणे बंधनकारक आहे. दोन फ्लॅटची तुलना नेहमी त्या आकड्यावर करा.

मग इमारत

२८ जून २०१४ रोजी चेन्नईच्या मौलिवाक्कममध्ये बांधकाम चालू असलेली अकरा मजली इमारत पावसात कोसळली. ६१ माणसे गेली, बहुतेक मजूर. तिच्या शेजारचा तसाच दुसरा टॉवर २०१६ च्या नोव्हेंबरात स्फोटकांनी पाडावा लागला. त्यात फ्लॅट घेतलेल्या लोकांच्या हाती काय राहिले असेल, विचार करा.

आणि हे फक्त खासगी बिल्डरांचे असते असे मानू नका. कोचीत आम्हा फौजींसाठीच बांधलेले चंदर कुंज आर्मी टॉवर्स इतके कमकुवत निघाले की केरळ उच्च न्यायालयाने २०२५ च्या फेब्रुवारीत दोन टॉवर पाडून पुन्हा बांधायचा आदेश दिला. आपल्या माणसांनी बांधले म्हणून तपासणी टाळायची नाही.

यासाठी निदान इतके करा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरचा किंवा आठपेक्षा जास्त फ्लॅटचा नवा प्रकल्प रेरात नोंदलेला असलाच पाहिजे. तमिळनाडू रेराच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाका. मंजूर नकाशा किती मजल्यांचा आहे ते बघा आणि जागेवर जाऊन मजले मोजा. नोंदलेला करार होण्याआधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर तो त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायचा आहे. तयार इमारत असेल तर पूर्णत्वाचा दाखला मागा. जुना फ्लॅट असेल तर एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनियरला दोन तासांची फी देऊन बरोबर न्या. आपण पन्नास रुपयांचा नारळ वाजवून घेतो आणि सत्तर लाखांचे घर तसेच घेतो!

पैसे शेवटी, पण पूर्ण मोजा

शेठ म्हणत होते बहात्तर लाख. मी कागदावर मांडून दिले. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ३ लाख ६० हजार. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या फ्लॅटवर जीएसटी नाही. १ डिसेंबर २०२३ पासून तमिळनाडूत फ्लॅटची नोंदणी जमीन आणि बांधकाम यांच्या एकत्रित किमतीवर होते. नव्या फ्लॅटच्या पहिल्या विक्रीत ५० लाखांपर्यंत मुद्रांक आणि नोंदणी मिळून ६ टक्के, ५० लाख ते ३ कोटी ७ टक्के, त्यावर ९ टक्के. शेठना ७ टक्के, म्हणजे साधारण पाच लाख. बहात्तरचे तिथेच ऐंशीच्या वर गेले. पार्किंग, वीजजोडणी, दुरुस्तीनिधी, फर्निचर हे अजून मोजलेच नव्हते. जुन्या फ्लॅटला मुद्रांक आणि नोंदणीचे ९ टक्के धरा. हे दर बदलतात, म्हणून पैसे भरण्याच्या आठवड्यात नोंदणी खात्याचा चालू दर बघा.

घर ५० लाखांचे किंवा त्याहून जास्त असेल तर १ टक्का टीडीएस कापून सरकारात भरणे ही खरेदीदाराची जबाबदारी आहे. विकणारा परदेशस्थ असेल तर कपात बरीच मोठी होते. तेव्हा सीएला विचारल्याशिवाय चेक फाडू नका.

आणि निवृत्त मंडळींना एक विनंती. सगळी पुंजी घरात घालू नका. माझी चूक इथेही होती. २०१५ नंतर भाड्याचे घर, नवी गाडी, आईची औषधे, सगळे एकदम अंगावर आले तेव्हा बँकेत फारसे काही उरले नव्हते.

पुढे काय झाले?

शेठनी तो फ्लॅट सोडला. टोकनच्या पावतीवर परतीची अट लिहिलेली नव्हती, त्यामुळे दोन लाखांतले पन्नास हजार गेले. तुम्ही टोकन द्याल तेव्हा "कागदपत्रे समाधानकारक नसल्यास रक्कम परत" हे वाक्य पावतीवर लिहून घ्या. एका ओळीचे काम आहे.

आठ महिन्यांनी त्यांनी पुरसवाक्कमकडे एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. आकाराने लहान, रंग उडालेला, लिफ्ट आवाज करणारी. पण यूडीएस ५४० चौरस फूट. तीस वर्षांचा ईसी स्वच्छ. विकणाऱ्या दोन्ही भावांच्या आणि तिरुचीला राहणाऱ्या बहिणीच्याही सह्या झाल्या. त्या गल्लीतल्या तीन घरांत शेठनी स्वतः जाऊन २०१५ ची आणि २०२३ ची चौकशी केली. मोडक्या तमिळमध्ये, पण केली. वास्तुशांतीला मला म्हणाले, "साहेब, वहिनींना आणा. आणि घर नंतर बघा, आधी खाली जोतं बघून या."

आई ते ऐकायला नव्हती. ती २०१८ मध्ये गेली, भाड्याच्या घरात. शेवटपर्यंत पाऊस सुरू झाला की विचारायची, "खाली पाणी नाही ना रे आलं?" तिच्यासाठी म्हणून मी तळमजला घेतला होता.

तेव्हा मंडळी, घर बघायला निघालात की क्रम लक्षात ठेवा. आधी जमीन कशी आहे ते बघा, मग ती कुणाची, मग त्यातली तुमची किती. त्यानंतर इमारत, त्यानंतर पैसे. ओटा, फरशी आणि खिडक्या सगळ्यात शेवटी. आणि गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाले बाबा दिसले, तर दोन मिनिटे थांबून त्यांच्याशी बोला.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद!